खारी हवा निर्दोष

शनिवार, संध्याकाळ

संगणकाचं वायफाय चालू झालं. खात्री आमच्या हिनेच केली. नातवाचा फोटो मोठ्या पडद्यावर पाहून म्हणाली, "आता माका तेचे डोळे दिसले."

उद्या पुण्यात त्याचं बारसं. गुडघ्यांमुळे हिला जाववत नाही, मोबाइलवर नीट दिसत नाही. आणि संगणकावर लिनक्स ही नवी प्रणाली टाकल्यापासून वायफायचं नेटवर्क कार्ड बंद. मी दोष दिला खाऱ्या हवेला. मालवणात बिजागरीसुद्धा ती सोडत नाही, मग कार्ड कसं सोडेल? पुन्हापुन्हा संगणकाची पेटी उघडून कार्डाच्या पट्ट्या खोडरबराने घासल्या. ही म्हणाली, "आता हळद-कुंकू लावचा तेवढा रवला!"

आज शेवटी पडद्यावरचा संदेश नीट वाचला. कार्ड चालवणारी फर्मवेअर फाइल सापडत नाही, असं तो पहिल्यापासून सांगत होता. वर्तमानपत्रात जन्मभर इतरांच्या बातम्या तपासल्या, मग ही एक ओळ वाचायला काय झालं होतं मला? मोबाइल वायरने जोडला, त्याच्या नेटवरून फाइल उतरवली, संगणक पुन्हा सुरू केला. झालं! बिचारी खारी हवा.

सकाळी लेक फोन पाळण्याशी धरेल आणि ही इथून पाळणा म्हणेल. स्वयंपाकघरात सराव चालू आहे. दुसऱ्या कडव्यात अजून अडखळते.