विहिरीतली सहा पिंपं

३ नोव्हेंबर
पोचले एकदाची इंदूरला. तुकोगंजमधली खोली बघून जीव भांड्यात पडला. मोठी खिडकी, लिहायला टेबल, आणि स्वच्छता एवढी की चप्पल कुठे काढावी तेच कळेना. घरमालकीण पंचशीलाताई. त्यांचे आजोबा महूला फौजेत होते, तेव्हापासून हे कुटुंब इकडचंच. त्या स्वतः कोपऱ्यावरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतात. मराठी बोलता बोलता हिंदीत कधी शिरतात त्यांचं त्यांनाच कळत नाही. माझ्या वह्यांचा गठ्ठा बघून म्हणाल्या, तू क्या मास्टरनी आहेस का गं?

मी म्हटलं, मी सिनेमाची कंटिन्युइटी बघते. सिनेमा तुकड्यातुकड्यांनी, उलटसुलट काढतात. मंगळवारी नायिकेच्या डाव्या कानामागे बट असेल, तर पुढच्या सोमवारीही ती डाव्याच कानामागे हवी. फोटो काढायचे, वहीत टिपायचं, जरा काही चुकलं की सगळ्या युनिटला थांबवायचं. सांगलीला आई म्हणायची, या पोरीला लोकांच्या चुका काढायचा नाद आहे. तोच आता पेशा झाला. माझ्या नजरेतून काही म्हणता काही सुटत नाही, हे मी ताईंना जरा मिरवूनच सांगितलं.

५ नोव्हेंबर
शूटिंग हातोदच्या पुढे एका वस्तीत आहे. वीसेक घरं, एकच विहीर. सिनेमा हिंदी. एक रंगाचा कारखाना गावच्या विहिरीत विष सोडतो आणि गावची शिक्षिका त्याच्याशी भांडते, अशी गोष्ट. गंमत म्हणजे आमचे निर्माते अप्पासाहेब यांचा स्वतःचाच रंगाचा कारखाना आहे. तेच हसत सांगतात, व्हिलनचं घर माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? दिग्दर्शक हृषीकेश सर हसले, म्हणून आम्हीही हसलो.

कलाविभागाने विहिरीत खाण्याचा हिरवा रंग टाकला आणि सहा रिकामी निळी पिंपं सोडली. दृश्य झकास दिसतं. वस्तीला शूटिंग संपेपर्यंत टँकरचं पाणी मिळणार आहे.

वस्तीतल्याच कौसल्याबाईंना छोटं काम दिलंय, विषारी पाण्याने हात सोलवटलेल्या बाईचं. मेकअपवाल्या प्रमोदिनीताईंनी त्यांच्या डाव्या हाताला जिलेटिनचे तीन फोड चिकटवले. मी टिपून घेतलं. बाईंना हात बघून इतकं हसू आलं की त्या खालीच बसल्या. मग घरोघर जाऊन सगळ्यांना हात दाखवून घाबरवत फिरल्या.

१२ नोव्हेंबर
कौसल्याबाई मला फोटूवाली बई म्हणतात. आज पुन्हा त्यांच्याकडे चहा, भरपूर आलं घातलेला. पाच महिन्यांची गरोदर सून चुलीपुढे आणि सासूबाई गप्पा मारायला, असा थाट. दोन दिवस टँकर आला नाही म्हणून विहिरीचंच पाणी फडक्यातून गाळून घेतायत. हे चालेल का, असं त्यांनी विचारलं. मीच सांगितलं की खाण्याचा रंग आहे, काही होत नाही. चहा जरा हिरवट दिसत होता. दोन कप प्यायले.

१७ नोव्हेंबर
आज माझ्यामुळे दिवस वाचला. सकाळी बघते तर विहिरीतली पिंपं गायब. वस्तीतल्या कोणीतरी धान्य ठेवायला नेली असणार. सगळं युनिट हातावर हात ठेवून बसलं. अप्पासाहेबांनी एक फोन केला आणि दोन तासांत कारखान्यातून सहा पिंपं आली, अगदी त्याच निळ्या रंगाची. लेबलं तेवढी होती, फोनवर त्यांचा फोटो घेतला आणि ती भिंतीकडे फिरवायला लावली.

पण पिंपं जड होती. पाण्यात फार खाली बसली. जुन्या फोटोत ती दोन वीत वर दिसतात. मी पायऱ्या उतरून, पाण्यात हात घालून मोजलं. म्हटलं, थोडं ओतून हलकी करा. माणसांनी विचारलं, कुठे ओतू? काठावरची जमीन फ्रेममध्ये येत होती, तिथे डाग पडून चाललं नसतं. मी सांगितलं, विहिरीतच ओता. तासाभरात पातळी फोटोशी तंतोतंत जुळली. वास डांबराच्या गोळ्यांसारखा होता. नटांची तोंडं आपोआप वाकडी झाली, सर खूश. रोजच्या कंटिन्युइटी शीटवर लिहिलं, 'पिंपं उघडून हलकी केली, पातळी जुळवली', आणि सही केली. टँकर उद्यापासून रोज येणार, असं अप्पासाहेब म्हणाले.

२१ नोव्हेंबर
टँकर आलेला नाही.

कौसल्याबाई मेकअपला बसल्या तेव्हा हातावर आधीच फोड होते. पाच. मला वाटलं, प्रमोदिनीताईंनी लवकर काम उरकलं. त्यांनी कापूस लावला तर कापसाबरोबर कातडीच निघून आली. सर म्हणाले, खरंच छान दिसतंय, पण मागच्या सीनमध्ये किती होते? मी वही बघून सांगितलं, तीन. मग दोन फोडांवर लेप थापून ते झाकले. बाई ओठ दाबून बसून होत्या. मी फोटो जुळवून बघितला. जुळला. मान हलवून ओके दिलं. मी दिलं.

२३ नोव्हेंबर
आता सात जणांना फोड. मेकअप कोणालाच लागत नाही. प्रमोदिनीताई न सांगता निघून गेल्या. पिंपं आज उचलून नेली.

माझ्या उजव्या हाताची बोटं टोकाशी पांढरी पडलीयत. ज्या हाताने पातळी मोजली, तोच हात. पंचशीलाताईंनी बोटं बघितली आणि मी भरून आणलेली विहिरीच्या पाण्याची बाटली लॅबला नेली. संध्याकाळी आल्या, त्यांचा चेहरा उतरला होता. म्हणाल्या, हाथ भी मत लगाना त्याला. नेमकं काय आहे ते आमच्या लॅबच्या बस का नाही. पिंपांवर नाव असेल, ते शोध.

लेबलाचा फोटो आहे माझ्या फोनमध्ये. नाव स्वच्छ दिसतंय.

२५ नोव्हेंबर
कौसल्याबाईंना दिसत नाही. अकरा जण इस्पितळात. डॉक्टर म्हणतात नाव कळलं तर औषध आहे, चुकीचं दिलं तर उलटेल. कारखाना म्हणतो ती पिंपं आमची नव्हेतच.

अप्पासाहेबांनी बोलावलं. माझी शीट त्यांच्या हातात. फार गोड बोलले. पिंपं बंद होती, स्वानंदीजी. उघडायला कोणी सांगितलं? विहिरीत ओतायला कोणी सांगितलं? अक्षर तर तुमचंच आहे. मग म्हणाले, फोन द्या, मी शीट फाडतो.

मी फोन दिला. त्यांनी शीट घडी करून खिशात ठेवली. सिनेमा लागला की फाडतो म्हणाले.

२७ नोव्हेंबर
पंचशीलाताईंनी पुन्हा विचारलं. नाव पाहिलंस का? मी नाही म्हटलं. लाज वाटत नाही मला. भीती वाटते फक्त. त्या माझ्या बोटांकडे बघत राहिल्या.

इस्पितळात कौसल्याबाईंनी मला आवाजावरून ओळखलं. विचारत होत्या, सिनेमात हात नीट दिसेल ना.

२८ नोव्हेंबर
घसा. गिळता येत नाही. सतराला, अठराला, वीसला — कौसल्याबाईंकडे चहा घेतला होता. रोज घेत होते. आवाज फुटत नाही. मी पण त्याच वॉर्डात, त्यांच्या शेजारच्या कॉटवर. वस्तीतले दोघे गेले.

२९ नोव्हेंबर
हृषीकेश सर आले. कॅमेरा घेऊन. खरा वॉर्ड, खरी माणसं, शेवटचा सीन. मला वाटलं मला बघायला — त्यांनी विचारलं, बाईंच्या मागच्या शॉटमध्ये फोड कुठल्या हाताला होते?

मी डावा हात वर केला. सवयीने.

३० नोव्हेंबर
कौसल्याबाई सकाळी गेल्या. चादर बदलली. त्याच कॉटवर आता सून. पोटावर हात धरून —

ताईंनी वही मांडीवर ठेवलीय. पेन मुठीत बांधलं. रुमालाने. डॉक्टर उभे आहेत. ताई म्हणतात तुला माहीत आहे, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे तुला माहीत आहे. लिही. तिच्यासाठी लिही.

हो. पाहिलं होतं. सगळं आठवतं. पांढरी अक्षरं. दोन शब्द. खाली आकडा, पाच अंकी, शेवटचा सात, अर्धा खरवडलेला. कोपऱ्यात कारखान्याचा शिक्का. अप्पासाहेबांच्याच —

पानाला बोटं चिकटतात. ओळ दिसत नाही. ताई हात धरतायत. नाव लिहिते. आधी नाव. नाव —