आईच्या थडग्यावरचं अर्धं नाव

एडिंबरा, मार्चअखेर

थॉर्फिन,

तुझा खोकला गेला का? बस्स, एवढंच गोड बोलते.

आईच्या थडग्याचा फोटो मिळाला. ‘मेरियन रेंडल, रॉबीची बायको.’ आणि तिचं माहेरचं आडनाव कुठंय? आपल्या बेटावर बाईच्या दगडावर ते राहतंच, हे तुला शिकवायला हवं होतं का? म्हणे जागा पुरली नाही. बाबांची होडी कोरायला बरी पुरली!

किनाऱ्यावरच्या ग्रुनाब्रेक नावाच्या शेतावरून ते आडनाव पडलं. शेतात आता मेंढ्या चरतात. आजोबांच्या लहानपणी बेटावर एक्केचाळीस ग्रुनाब्रेक होते. निम्मे कॅनडाला गेले, काही समुद्रात बुडाले. शेवटी त्या घराण्यातली एकटी आई उरली होती. तिलाही तू पुसून टाकलंस, गाढवा!

पाथरवटाला परत बोलाव. होडी खरवडावी लागली तरी चालेल.

आणि हो, ऑगस्टमध्ये मला बाळ होईल. पाय सुजतात, पण काळजी करू नकोस. बाळाचं मधलं नाव ग्रुनाब्रेक ठेवणार आहे. ‘हे कुणाचं नाव?’ असं त्यानं उद्या विचारलं, तर बेटावर आणून मी त्याला काय दाखवू? ती होडी?

वेळेवर जेवत जा.

तुझ्यावर भयंकर चिडलेली,
इंगाताई