बाईंनी सांगितलेली चेष्टा

काशी, १२ जुलै १९९४, मंगळवार

दोन दिवस काही लिहिलं नाही, माफी असावी. आज लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

नातीला, मनूला, आणायला बालवाडीत गेलो. बाई म्हणाल्या, "बाबूजी, आपकी पोती बड़ी चेष्टा करती है।" चार वर्षांची पोर बाईंची चेष्टा करते! मान खाली घालून परत आलो. घरी पाहतो तर पेल्यातल्या ओल्या कापसावरचे मोडाचे हरभरे तिने उलटे करून ठेवलेले. माझी खात्रीच पटली. ओरडलो, आणि हरभरे गल्लीतल्या गाईला घातले. मनू रिकामा पेला घेऊन कोपऱ्यात जाऊन बसली.

संध्याकाळी मुलगा बँकेतून आला; सगळं सांगितलं, तर पोट धरून हसला. "अण्णा, इथे चेष्टा म्हणजे प्रयत्न! बाई कौतुक करत होत्या."

मग मनूने बापाच्या कानात सांगितलं: हरभरा उलटा केला तरी मूळ खालीच वळतं का, एवढंच तिला बघायचं होतं.

गावाहून येऊन वर्ष झालं. शब्दाचा अर्थ विचारला असता तर? पण अडाणी दिसेन म्हणून गप्प बसलो.

नवे हरभरे भिजत घातलेत. "उलटे तूच कर," म्हटलं, तर तिने तोंड फिरवलं.

मने, लवकर बोल गं. रागाचा का होईना, एक शब्द.