गुडघा गेला नाही, बाबूजी

बाबूजी, यंदा मी पायांना दोन लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून खाली आले. एक्केचाळिसाव्या वर्षी. आणि त्याच डाव्या गुडघ्यावर, जो संपला म्हणून तुम्ही अख्ख्या कोंढा गावात सांगत फिरला होता.

कॉलेजच्या कबड्डीत तो पिळवटला, तो दिवस मला लख्ख आठवतो. धानाच्या रोवणीत शेताच्या निसरड्या धुऱ्यावरून घसरून तुमचा गुडघा गेला, त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम तुम्ही सोडून दिला होता, काठी मात्र धरून ठेवली होती. मी लंगडत आत येते आहे. तुम्ही खाटेवर, पाय उशीवर. "गुडघा गेला म्हणजे गेला, बाई. मले पाहून नाही राहिली का? आता गुमान घरी बस." मी विचारलं, "काहून बसू? पाय माहा आहे ना?" चुलीपुढे आईचा हात थांबला. "पाय तुहा, पण लगन तर मलेच लावून द्या लागते," तुम्ही म्हणालात. दुसऱ्या दिवशी माझे खेळायचे बूट शेजारच्या मुलीच्या पायात होते.

मी बसले नाही, बाबूजी. बसले ती भिंतीला पाठ लावून, खाली खुर्ची नसताना, मांड्या थरथरेपर्यंत. पायरीवरून एकेका पायाने सावकाश उतरायला शिकले, गुडघा आत झुकू न देता. पुढे शाळेत खेळाची शिक्षिका झाले, तरी तलावाच्या पाळीवरची चढउतार सोडली नाही. बायका विचारत, "मॅडम, हे काय करून राहिल्या?" मी म्हणे, "गुडघ्याले राखणदार ठेवून राहिली." मांडीच्या पुढचे-मागचे स्नायू दणकट असले, की बराचसा हिसका तेच झेलतात. हे मी आता माझ्या शाळेतल्या मुलींना शिकवते, आणि एकीचेही बूट कुणाला काढून नेऊ देत नाही.

बर्फावर तिसऱ्या दिवशी एक पट्टी अडकली. पाय एकीकडे, अंग दुसरीकडे. मी झटकन खाली दबले, मांड्या आवळल्या आणि उभीच राहिले. शिकवणारा वरून ओरडला, "घुटना ठीक है?" मी त्याच्याहून मोठ्यांदा ओरडले, "एकदम ठीक!" ते तुम्हाला ऐकवायचं होतं. तुम्ही अकरा वर्षांपूर्वी गेलात, म्हणून काय झालं?

हा कागद कुठल्याच टपालपेटीत पडायचा नाही, म्हणून लिहून टाकते. डॉक्टरांनी तुमच्या गुडघ्याचा तो व्यायाम मलाही दाखवला होता. "बाबूजींकडून रोज करून घे," म्हणाले होते. मी सहा दिवस करून घेतला. सातव्या दिवशी तुम्ही दुखतंय म्हणून माझ्यावर ओरडलात. मला कबड्डीच्या सरावाला उशीर होत होता. मी तुमचा पाय तसाच खाटेवर ठेवला आणि गेले. त्यानंतर पुन्हा कधी विचारलंच नाही.