नळीवरचा बुळबुळीत थर

मंगळवार, वापी

पुन्हा तेच. आप्पा नळी धुतात, पंच्यानं कोरडी पुसतात आणि पुढच्या वेळी तीच वापरतात. किती वेळा सांगायचं? ऑपरेशनपासून त्यांना नळी घातल्याबिगर लघवी होत न्हाई, आणि ती नळी एकदाच वापरायची असते; दिवसाला चार-पाच लागतात.

इथं कारखान्यात मी तसल्याच नळ्यांवर थर चढवून राहिलो. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, पण पाणी लागलं की शेवाळासारखा निसरडा. त्यानंच नळी न दुखवता आत सरकते. पंच्यानं पुसल्यावर काय राहणार? नुसतं प्लास्टिक.

आज फोनवर म्हणाले, "लई बुळबुळीत लागतं रे. घाण म्हणून पुसतो."

"आप्पा, ती घाण न्हाई. तेच माझं काम हाय."

"हाव, पण एवढी चांगली वस्तू एका वेळेत फेकायची? तुझी माय दुधाची पिशवी सुदिक धुऊन ठेवती."

हसू आलं, रागही आला. मग मायनं फोन घेतला. हळूच म्हणाली, "काल रगत आलतं. तुला सांगू नको म्हणले."

जीव कुठं लागंना. तो पंचाच दिसून राहिला डोळ्यांपुढं. आप्पांना परत फोनवर बोलावलं आणि सरळ खोटं बोललो, "या महिन्यापासून कंपनी कामगारांच्या आईबापाला फुकट नळ्या देणार हाय. आपल्या मेडिकलवाल्याकडंच येतील."

"फुकट? आधी सांगायचं की. मग फेकतो."

बरं केलं का वाईट, कळंना. गावाकडं निलंग्याच्या मेडिकलवाल्याला गप्प राहायला सांगितलंय. पंधरा दिवसांच्या नळ्यांचे पैसे उद्या त्याला माझ्या पगारातून पाठवायचे, सहा हजार.