समितीतली नववी खुर्ची

१० ऑगस्ट १९७७
सेंट हेडविग चर्चमागचं घर

चि. काझिक यास व्हेरोनिकाताईचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. टोमॅटो उशिरा लागले, पण लागले. रविवारी तुझ्या नावानं मेणबत्ती लावली. महापौर झालास म्हणून ती काही बंद होत नाही.

परवा बाजारात गेले होते. आईच्या गाळ्यावर आता कोणी मोजे विकतं. तरी त्या खांबापाशी उभं राहिलं की मला अजून तिखट मुळ्यांचा वास येतो. ईस्टरच्या आधी आई ते मुळे किसायची, डोळ्यांतून धारा, आणि गिऱ्हाइकाला म्हणायची, "मी रडतेय म्हणजे माल ताजा आहे, घ्या!" तू टेबलाखाली पोत्यावर झोपलेला. शनिवारी आशीर्वादासाठी चर्चमध्ये न्यायची टोपली तूच धरायचास आणि वाटेत सॉसेजचा एक तुकडा गायब व्हायचा. फादर टोपलीत बघायचे, तू छताकडे.

तिथंच खाटकाची ट्रुडा भेटली. बाजार विकायचा तर आधी लोकांचं मत घ्या, हे शहराच्या सनदेत घालावं म्हणून तिनं घरोघर फिरून सह्या जमवल्यात. नोव्हेंबरात मतदान होईल अशा आशेवर होती. मला म्हणाली, "काय गं व्हेरा, भावानं समितीत खुर्ची दिली म्हणे! गादीबिदी आहे का त्यावर?"

मी हसले.

सनद सुधारायला तू नऊ जणांची समिती नेमलीस, तेव्हा मला खरंच अभिमान वाटला होता. आपल्या गल्लीतली, शाळा संपवून संसारात पडलेली बाई, आणि नगरभवनात! मी सनद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. पण तिसऱ्या बैठकीत आम्ही ठरवलं काय, तर अंदाजपत्रकाची तारीख पंधरा दिवस पुढं ढकलायची. मी विचारलं, "एवढ्यासाठी समिती?" तुझे वकील गोड हसले. "बाई, महापौरांच्या समितीचा प्रश्न मतपत्रिकेवर आला, की सनदेबद्दल लोकांनी सह्या करून आणलेला प्रश्न त्या वर्षी मागे पडतो. कायदाच आहे तसा."

म्हणजे ट्रुडाचा प्रश्न पुढच्या वर्षी. आणि बाजाराचं खरेदीखत याच हिवाळ्यात.

काझिक, तू वाईट नाहीस. शहराकडे पैसा नाही, छप्पर गळतं, हे मलाही दिसतं. विकायचाच असेल तर उघड सांग, मी ट्रुडाशी तुझ्या बाजूनं भांडेन. पण लोकांना विचारूच द्यायचं नाही, हे मला पटत नाही.

समितीचा प्रश्न मतपत्रिकेवर पाठवायचा का, यावर सोमवारी शेवटचं मत आहे. चार जण एका बाजूला, चार दुसऱ्या. हे तुला माझ्या आधी कळलं असणार, कारण काल तुझी सेक्रेटरी येऊन गेली. बिचारीला कॉफी दिली. तिनं टाइप केलेला कागद पुढं केला: प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा. सहीची जागा तेवढी मोकळी.

तो कागद सही न करताच परत पाठवतेय. मी उठले तर त्या खुर्चीवर तू संध्याकाळपर्यंत दुसरं कुणी बसवशील, तुला तो अधिकार आहे. म्हणून मी उठणार नाही. सोमवारी जाईन आणि 'नको' म्हणेन. समितीचा प्रश्न पडेल, ट्रुडाचा राहील. मग तू बाजारात ये, खांबापाशी उभा राहा आणि लोकांना सांग का विकायचाय ते. तुला बोलता येतं. कदाचित जिंकशीलही.

रविवारी जेवायला ये म्हणणार होते. मतानंतरच्या रविवारी ये. आलास तर मला कळेल, तू राग धरला नाहीस.

नोव्हेंबरात तुझ्याविरुद्ध मत देईन की नाही हे अजून न ठरवलेली,
तुझी ताई
व्हेरोनिका