मैनाचं नाक, माझं नाव

मी, वाल्मीक पुंजाराम मौले, वय चौसष्ट, राहणार मखमलाबाद, नाशिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला घरात दुसरं माणूसही नाही. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. फुप्फुसाच्या या दुखण्यातून मी उठणार नाही, हेही त्यांनीच सांगितलं आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. मखमलाबादचं दोन खोल्यांचं राहतं घर आणि बँकेत जे असेल ते माझी एकुलती एक मुलगी आरोही हर्षल गायखे, राहणार नाशिक रोड, हिला द्यावं. तिनं इथं राहावं अशी अट नाही. लग्न झाल्यापासून तिनं या घरात पाऊल टाकलेलं नाही, त्याचं कारण मीच आहे. तिनं घर विकलं तरी चालेल.

२. बाटल्या उघडायचा माझा स्क्रू आणि चव घ्यायचे सहा ग्लास बारकूला द्यावेत. गंगापूर धरणाकडच्या वायनरीत आम्ही दोघं एकाच दिवशी टाक्या धुवायला लागलो. मला बोलता यायचं म्हणून मला पुढे पाहुण्यांच्या खोलीत घेतलं, तो टाक्याच धूत राहिला. त्याला वाइनमधलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. तोंडावर कधी म्हणालो नाही, म्हणून इथं लिहितो.

३. थोरले बंधू सावळीराम यांना काही देऊ नये. माझी बायको मैना गेली तेव्हा दहाव्याला पंचवटीत घाटावर आम्ही पाचच माणसं होतो. त्यातही ते म्हणाले, "दारूवाल्याच्या घरात अजून काय व्हायचं होतं?" मैनानं आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही. माझ्या अस्थींना त्यांनी हात लावू नये.

४. हे कलम मालमत्तेचं नाही. वायनरीनं छापलेल्या सणांच्या कार्डावरचं माझं नाव मैनाला द्यायचं, असं मी लिहून नेलं होतं. वकील निकिताताई थेटे म्हणाल्या, "काका, मयत व्यक्तीला काही देता येत नाही." मग मी विचारलं, खरं काय ते तरी लिहिता येतं का? त्या म्हणाल्या, लिहा.

पाहुण्यांच्या खोलीत लोक मला विचारायचे, दिवाळीला काय घेऊ, नाताळच्या जेवणाला काय, साखरपुड्याला काय उघडू? मला लाल-पांढरी कळायची, आंबट-गोड कळायचं, पुढचं काही नाही. एका संध्याकाळी तीन अर्धवट बाटल्या घरी आणल्या. मैना मटणाला वाटण घालत होती. ती माळ्याची लेक, गुलाबाच्या वाफ्यात वाढलेली. तिनं पदराला हात पुसले आणि एकेका ग्लासात नाक घातलं.

"ही नका देऊ. मसाल्याखाली पार दबून जाईल," ती म्हणाली. "ही दुसरी द्या. हिला जांभळाचा वास हाय, आन् मागून मिरीचा."

दुसऱ्या दिवशी शरणपूरच्या एक बाई नाताळसाठी आल्या. त्यांना मी हेच ऐकवलं. नव्या वर्षात त्या माझ्यासाठी केक घेऊन आल्या. म्हणाल्या, "वाल्मीकराव, काय नाक आहे हो तुमचं!"

तेव्हा मी हसलो. त्यानंतर बारा वर्षं हसतच राहिलो.

चकली-शेवेबरोबर फेसाची, हे मैनाचं. पुरणपोळीला पोळीपेक्षा गोड असेल तीच, नाही तर सरळ पाणी, हे तिचं. मे महिन्यातल्या लग्नात लालसुद्धा जरा गार करून द्यायची, हेही तिचंच. ती वास घ्यायची, सांगायची आणि ग्लास मोरीत ओतून घासून ठेवायची.

२०१८च्या दिवाळीत कंपनीनं सणांचं कार्ड छापलं. कोणत्या सणाला कोणती वाइन, आणि वर माझा फोटो: 'वाल्मीक मौले यांची निवड'. मी मोठ्या आनंदानं ते घरी नेलं. मैनाला वाचायला वेळ लागायचा. तिनं बोट ठेवत सगळं वाचलं.

"हे तर मी बोललेलं हाय."

"हो, मग?"

"मग माझं नाव कुठंय?"

"अगं, तुझ्या वडिलांच्या गळ्यात माळ. वाइनच्या कार्डावर तुझं नाव टाकलं तर लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, का तुमाला नाय सांगायचं?"

त्यानंतर बाटली आणली की ती म्हणायची, "नाक बसलंय माझं." अडीच वर्षं तिनं एकाही ग्लासाला नाक लावलं नाही. मी जुनेच शब्द फिरवून सांगत राहिलो.

एप्रिल २०२१मध्ये आम्ही दोघंही कोरोनानं पडलो. मी वाचलो. मैना चोवीस तारखेला गेली. त्या दुखण्यात माझा वास गेला तो परत आला नाही. पुढे वायनरी सोडून गंगापूर रोडच्या एका वाइनच्या दुकानात लागलो, तिथंही लोक सणासुदीला मलाच विचारून घेत. कोणाला काही कळलं नाही.

मे २०२३मध्ये आरोहीचं लग्न झालं. व्याही म्हणाले, "वाइन मात्र तुमच्या पसंतीची." मी स्वतः खोकी निवडली. पंगतीआधी पहिली बाटली उघडली, ग्लास फिरवला, हुंगल्यासारखं केलं, घोट घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "पिकलेलं जांभूळ!" वाइन आंबली असती तर जिभेला कळलं असतं. बुचाची बुरशी नाकालाच कळते. व्याह्यांनी ग्लास हळूच खाली ठेवला. आरोहीनं तो उचलून नाकाशी नेला.

"पप्पा, याला ओल्या गोणपाटाचा वास येतोय."

मी म्हणालो, "तुला काय कळतं त्यातलं?"

तिनं मला मांडवामागे नेलं. "तुम्हाला वास येत नाही ना? कधीपासून?"

"आई गेली तेव्हापासून."

"मग दोन वर्षं लोकांना काय सांगत होतात?"

"आईचेच शब्द."

ती नवरीच्या शालूत उभी होती. म्हणाली, "म्हणजे त्याआधीही तिचेच होते."

मी "हो" म्हणालो. ती म्हणाली, "ते कार्ड मी कॉलेजात मैत्रिणींना दाखवत फिरले, पप्पा. घरी आईसमोर तुमचं कौतुक केलं. ती काही बोलली नाही."

लग्नानंतर मी वायनरीत गेलो. म्हटलं, कार्डावर नाव बदलून द्या. नवीन मॅनेजर भला पोरगा होता, त्यानं मला चहा पाजला. "काका, ते कार्ड कधीच बंद झालं," तो म्हणाला. "आता लोक फोनलाच विचारतात." जुनं एक कार्ड शोधून पाहिलं, तेही त्यांच्याकडे निघालं नाही. म्हणजे दुरुस्त करायलासुद्धा काही उरलेलं नाही.

५. माझ्या तेराव्याला साधं जेवण करावं. वाइन ठेवू नये.

६. गेल्या महिन्यात आरोहीच्या मुलीचं बारसं झालं. बोलावणं जावयांनी केलं. मी फोनवर आरोहीला विचारलं, पाहुण्यांसाठी काही निवडून आणू का? ती म्हणाली, "कोकम सरबत केलंय. तुम्ही नुसते या." मी गेलो, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलो. पाळण्याशी नाव ठेवलं, ओवी. माझ्या मनात वेगळंच होतं. बायका पांगल्यावर मी आरोहीला हळूच म्हणालो, "मला वाटलं, आईचं नाव ठेवशील."

तिनं बाळ खांद्यावर घेतलं. आवाज चढवला नाही.

"ते नाव आई असताना घ्यायचं होतं, पप्पा. तिला ऐकू येत होतं तेव्हा."

मी ताटातलं संपवलं, बाळाच्या कपाळाला हात लावला आणि नाशिक रोडहून बसनं घरी आलो. तिचं म्हणणं बरोबर आहे. या कागदानं ते बदलणार नाही, हे मला माहीत आहे. तरी लिहून ठेवलं आहे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील निकिता थेटे यांनी करावी. वरील मजकूर मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

सही: वाल्मीक पुंजाराम मौले

साक्षीदार:
१. महेश बाबुराव काठे, शेजारी, मखमलाबाद
२. शुभांगी दिलीप आडके, परिचारिका, मखमलाबाद

ठिकाण: नाशिक
दिनांक: ९ सप्टेंबर २०२५